वऱ्हाडचा खारा किनारा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोममधील उच्च शिक्षण संपवून परतलेले आमचे एक धर्मगुरुमित्र चार दिवस अकोल्यास आमच्याकडे मुक्कामाला होते. संध्याकाळची जपमाळ आटोपल्यावर धर्मग्रामातील तरुण मंडळी ओसरीवर जमली आणि मित्रांनी आपल्याजवळची छायाचित्रे एकेक करून दाखवावयास सुरुवात केली. मंदिरे झाली, चौक झाले, कारंजी झाली. अखेरीस सिसिली बेटावरील एका किनाऱ्याची चित्रे आली आणि ओसरीवरची गडबड एकाएकी थांबली. निळेशार पाणी, पांढऱ्या गोट्यांचा चिंचोळा काठ, मागे बुटक्या ताडाच्या झुडपांनी भरलेला डोंगर. आणि सबंध चित्रात रस्ता नाही, हॉटेल नाही, मोटार नाही.

त्या किनाऱ्याचे नाव झिंगारो. स्कोपेल्लो आणि सान व्हितो लो कापो या दोन गावांच्या मधला हा भूमध्य समुद्राचा सुमारे सात किलोमीटरांचा काठ. १९७० नंतरच्या दशकात या काठाने मोटाररस्ता काढण्याचे काम सुरू झाले होते. डोंगर पोखरून बोगदाही पाडला गेला होता. तेव्हा १८ मे १९८० रोजी हजारो माणसे त्या वाटेने पायी चालत गेली. त्यांचे मागणे एवढेच होते की, रस्ता येथेच थांबावा. रस्ता थांबला. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, सिसिलीच्या प्रादेशिक सरकारने तो काठ राखीव निसर्गक्षेत्र म्हणून राखून ठेवला. आजही एका प्रवेशद्वारापाशी तो अर्धवट बोगदा दिसतो. त्याच्या पलीकडे केवळ पायवाट आहे.

चित्रे संपली. एका मुलाने विचारले, "फादर, आपल्या वऱ्हाडात असा एखादा किनारा नाहीच का?" आम्ही हसून म्हटले, "बाळा, समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेने मुंबईला जायला हवे. वऱ्हाडात कुठला किनारा?" तोच दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातून शिकावयास आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "फादर, समुद्र नाही, पण आमच्या विहिरीला पाणी मात्र समुद्राचंच आहे."

सगळे हसले. आम्हीही हसलो, परंतु त्या रात्री ते वाक्य आमच्या मनातून जाईना. आमचे उत्तर घाईचे होते, हे आम्हांस कळून चुकले. वऱ्हाडला समुद्र नाही हे खरे. पण मीठ आहे, खारे पाणी आहे, आणि त्या खाऱ्या पाण्याला एक राखीव किनाराही आहे. त्या किनाऱ्याची, आणि त्याच्याशी वऱ्हाडी माणसाचा जो जुना संबंध आहे त्याची, हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

मिठाचा मुलूख

उत्तरेस मेळघाटचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधून पूर्णा नदी वाहते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या खोऱ्याचा साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भाग 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. वर काळीभोर जमीन, कापसाला आणि हरभऱ्याला उत्तम. खाली विहीर खणली की पाणी खारे. येथे पूर्वी समुद्र होता, असे जुनी माणसे सांगतात. भूशास्त्रज्ञ मात्र नदीच्या गाळाच्या खोल थरांत साठलेल्या क्षारांकडे आणि निचरा न होणाऱ्या जमिनीकडे बोट दाखवितात. कारण कोणतेही असो, भोगणे एकच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भर उन्हाळ्यात गोड्या पाण्यासाठी बायामाणसांनी कोसकोस चालावयाचे. "त्या गावात मुलगी देऊ नका" हे वाक्य या पट्ट्यातील कितीतरी गावांनी ऐकले आहे.

तथापि हेच खारे पाणी एके काळी धन होते. अकोल्याच्या उत्तरेस दहीहंडा आणि त्याच्या आसपासच्या भागात मिठाच्या विहिरी होत्या. विहिरीचे पाणी उपसावयाचे, वाफ्यांत पसरावयाचे, उन्हाने आटवावयाचे आणि खाली उरलेले मीठ गोळा करावयाचे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला, पुढे रेल्वे आली आणि रेल्वेबरोबर समुद्राचे मीठ आले. मिठावर सरकारची मक्तेदारी होती. सरकारी कर भरल्यावाचून कोणी मीठ बनवू नये असा कायदा होता. साहजिकच वऱ्हाडच्या विहिरींचे मीठ बंद पडले. ज्या पाण्याने गोड्या पाण्याची चव घालविली होती, त्या पाण्यातले मीठसुद्धा गावकऱ्यांचे राहिले नाही.

ही जुनी जखम १९३० मध्ये उघडी झाली. ६ एप्रिल रोजी महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले. ज्या प्रांतांना समुद्र होता ते समुद्राकडे निघाले. वऱ्हाडाने काय करावे? वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी आपल्याच खाऱ्या विहिरींची वाट धरली. एप्रिल १९३० मध्येच अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे आणि अमरावती जिल्ह्यातील भामोद येथे खारे पाणी आटवून मिठाचा कायदा मोडण्यात आला. वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी अशी वऱ्हाडातील पुढारी मंडळी या चळवळीत होती. त्या कढयांतून निघालेले मीठ वजनाने किती भरले असेल कोण जाणे. पण समुद्र नसलेल्या मुलखाने आपल्या अंगणातच दांडी शोधली, एवढे निश्चित.

त्याच वर्षी, १० जुलै रोजी, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मीठ आणि गवत, दोन्ही गोष्टी क्षुल्लक. परंतु दोहोंच्या मागे प्रश्न एकच होता: जे निसर्गाने सर्वांसाठी ठेवले आहे, त्याच्याभोवती कुंपण घालण्याचा अधिकार कोणाला, आणि कशासाठी? हा प्रश्न मनात धरूनच आम्ही पुढे लोणारला गेलो.

विवराच्या काठावर

त्या हिवाळ्यात धर्मग्रामातील तरुणांची एक लहानशी सहल आम्ही काढली. अकोल्याहून पहाटे निघून पातूरचा घाट चढलो, मालेगावमार्गे मेहकर गाठले आणि सुलतानपूरवरून लोणारला पोहोचलो. बुलडाणा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. गावाच्या कडेने थोडे चालत गेले की सपाट माळ एकाएकी संपतो आणि पायांखाली एक प्रचंड वाटी उघडते. वाटीचा व्यास सुमारे अठराशे मीटर, खोली सुमारे दीडशे मीटर. तळाशी हिरवट पाणी आणि पाण्याभोवती पांढुरक्या काठाची एक रेघ. मुले बराच वेळ काही बोलली नाहीत. झिंगारोच्या चित्रापुढे जी शांतता ओसरीवर पसरली होती, तीच येथे पसरली.

ही वाटी कशी झाली, याचे उत्तर शोधण्यास विज्ञानाला दीडशे वर्षे लागली. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर आलेल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांनी, सारे दख्खन ज्वालामुखीच्या खडकाचे असल्यामुळे, हेही ज्वालामुखीचेच तोंड असावे असे मानले. १८९६ मध्ये अमेरिकेतील गिल्बर्ट या नामांकित भूशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनातील एका विवराची तुलना लोणारशी केली आणि दोन्ही पृथ्वीच्या पोटातील वाफेच्या स्फोटाने झाली असावीत असे सुचविले. तुलना अचूक होती. निष्कर्ष मात्र चुकला. दोन्ही विवरे आकाशातून पडलेल्या अशनींनी झाली, हे नंतर सिद्ध झाले. लोणारबाबत १९६१ मध्ये नंदी आणि देव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी हा विचार मांडला आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकी संशोधकांनी तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत आघाताने काच झालेले स्फटिक दाखवून दिले. बेसॉल्ट खडकात अशनीने पाडलेली जी थोडी विवरे पृथ्वीवर आहेत, त्यांत लोणारइतके उत्तम टिकलेले दुसरे नाही. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे बावन्न हजार वर्षे निघाले होते; २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अधिक भरवशाच्या मानल्या गेलेल्या मोजणीने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांवर नेले.

लोकपरंपरेने मात्र विज्ञानाची वाट पाहिली नाही. येथे लवणासुर नावाचा दैत्य भुयारात राहत होता, विष्णूने त्याला मारले आणि दैत्याच्या देहाच्या क्षारांनी पाणी खारट झाले, अशी कथा आहे. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर त्या कथेचे स्मारक होय. आमच्या तरुणांपैकी एकजण या कथेला हसला. आम्ही त्याला म्हटले, "वरून काहीतरी आले, जमीन फाटली आणि पाणी खारे झाले, एवढे तर त्या कथेलाही ठाऊक होते. अमेरिकेतल्या पंडिताला तेवढेही सुचले नव्हते."

काठाने चालताना

वरच्या कडेवर गोमुखातून बारमाही वाहणारी 'धार' आहे. तिचे पाणी गोड. भाविक तेथे स्नान करतात आणि तेच पाणी उतारावरून खाली सरोवराकडे जाते. त्या धारेच्या सोबतीने आम्ही खाली उतरलो. सीताफळ, चिंच, कडुनिंब, बाभूळ यांची दाटी, मोरांचे ओरडणे, झाडीत अर्धवट ढासळलेली हेमाडपंती धाटणीची देवळे, आणि त्यांच्या गाभाऱ्यांत वटवाघळांचा वास. पायथ्याशी आल्यावर झाडी एकदम सरली आणि काठ आला.

हा काठ झिंगारोसारखा देखणा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गोटे नाहीत, लाटा नाहीत. काळा, मऊ, पाय आत ओढणारा चिखल; त्यावर वाळलेल्या क्षारांची पांढरी साय; आणि कुजल्या अंड्यासारखा उग्र दर्प. पाणी हिरवे दिसते ते सूक्ष्म शैवालामुळे. परंतु पाच मिनिटे निमूट उभे राहिले की काठ जागा होतो. लांब लाल पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चालू लागतात, टिटवी कोकलते, टिबुकली बुडी मारते, दूरवर चक्रवाकांची जोडी तरंगताना दिसते. माणसाच्या उपयोगाचे नाही म्हणून ज्या पाण्याकडे आपण पाठ फिरवतो, त्यावर किती जीवांचे पोट चालते!

हे पाणी खारे का, हे आम्ही मुलांना स्वयंपाकघरातील उदाहरणाने सांगितले. आमटी उकळत ठेवली, वरून थोडे थोडे पाणी घालत राहिलो आणि बाहेर काही सांडू दिले नाही, तर आमटी दिवसेंदिवस खारटच होणार. लोणारच्या वाटीला बाहेर जाण्याची वाट नाही. झरे आणि पाऊस खडकातील क्षार आत आणतात. ऊन पाणी तेवढे घेऊन जाते, क्षार ठेवून जाते. म्हणून हे पाणी समुद्राच्या पाण्याहून निराळे: त्यात मिठाबरोबर धुण्याचा सोडाही मोठ्या प्रमाणात आहे.

या सोड्याची आम्हांस व्यक्तिशः ओळख आहे, आणि ती सांगताना थोडी लाजही वाटते. सेमिनरीत असताना, नव्वदच्या दशकात, आम्ही सहाध्यायांबरोबर येथे सहलीस आलो होतो. काठावरच चूल मांडली, खिचडी शिजविली आणि जेवणानंतर याच पाण्याने भांडी घासली. साबणावाचून फेस येतो याचे आम्हांला भारी कौतुक. निघताना क्षारांचे खडे खिशात भरले आणि पत्रावळी तेथेच टाकून आलो. त्या काळी कोणी अडविले नाही, हे खरे. पण न अडविणे म्हणजे परवानगी नव्हे, हे कळावयास आम्हांला बरीच वर्षे लागली.

राबता किनारा

लोणारच्या काठावर माणूस प्रथम आला तो सहलीसाठी नव्हे. कोणी देवासाठी आला, कोणी क्षारासाठी. यादवांच्या काळी हे मोठे क्षेत्र होते. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रातही लोणारचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत मोगली राज्याची मोजदाद केली, तेव्हा लोणारची नोंद त्याने आवर्जून घेतली: काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ येथे मिळतात आणि सरकारला त्यांपासून चांगला महसूल मिळतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी हा किनारा एक बाजारपेठ होता. उन्हाळ्यात पाणी हटले की माणसे चिखलात उतरून क्षार काढीत. क्षारांच्या प्रती निरनिराळ्या आणि नावेही निरनिराळी: दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. कोणता क्षार साबणाला, कोणता कापडाचा रंग पक्का करावयास, कोणता बांगडीच्या काचेला, हे त्या कामकऱ्यांना हाताच्या स्पर्शाने कळत असे. पुढे कारखान्यात बनणारा सोडा स्वस्त झाला, आणि हे शहाणपण हळूहळू निरुपयोगी ठरून विसरले गेले.

काठावर शेतीही होती. धारेचे गोडे पाणी जेथे उतरते तेथे गाळाचा सुपीक पंखा तयार झाला आहे. त्यावर भाजीपाला आणि केळी पिकत. वर येताना आम्हांला एक वृद्ध गृहस्थ भेटले. झाडीकडे हात करून ते म्हणाले, "साहेब, आज रान दिसते ना, तिथं माह्या बापानं धारेच्या पाण्यावर केळी लावली होती. आता आत काडीबी उचलता येत नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण हिशेब होता. २००० मध्ये लोणारचे सुमारे पावणेचार चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले आणि विवरातील शेती थांबली. १९३० साली गवताच्या काडीसाठी ज्या वऱ्हाडाने तुरुंग पत्करला, त्याच वऱ्हाडातील या म्हाताऱ्याला आम्ही काय उत्तर देणार होतो?

आम्ही त्यांना एवढेच म्हटले की, इंग्रजाचे कुंपण तिजोरीसाठी होते. हे कुंपण किनाऱ्यासाठी आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असेल. पण मग किनाऱ्याले जपा म्हणावं."

कुंपणाच्या आत आणि बाहेर

त्या एका वाक्यात सारा प्रश्न आला आहे. आपण 'अस्पर्श किनारा' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे माणसाने कधीच न पाहिलेली जागा असते. अशी जागा बहुधा कल्पनेतच असते. झिंगारोच्या गुहेत हजारो वर्षांपूर्वी माणसे राहत होती. त्या डोंगरावर कालपरवापर्यंत शेतकरी बुटक्या ताडाच्या पात्यांच्या टोपल्या विणत, झाडांना चिरा देऊन औषधी गोड चीक काढीत, खालच्या पाण्यात मासे धरीत. आज त्यांची घरे आणि अवजारे पाहुण्यांना मुद्दाम दाखविली जातात. लोणारचा काठही तसाच राबता होता. माणसाचा हात लागला नाही म्हणून हे किनारे टिकले, असे नव्हे. जे हात लागले त्यांना किनाऱ्याची गरज होती, आणि ज्याची गरज असते त्याची मर्यादाही माणूस ओळखतो.

आज लोणारच्या काठाला हात लावण्यास बंदी आहे, आणि ती असावी असेच आमचे मत आहे. २०२० मध्ये रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत लोणारचा समावेश झाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील ही दुसरी जागा. त्याच वर्षी जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि सारा देश पाहत राहिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाऊस नसल्याने आणि उन्हाने पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यामुळे मिठात जगणारे गुलाबी सूक्ष्मजीव माजले, असे त्यांना आढळले. चमत्कार म्हणून जे गाजले ती त्या पाण्याची मूळ प्रकृती होती.

परंतु बंदी काठावर आहे, आणि धोका येतो तो वरून. विवराच्या ओठावर गाव आहे. गावाचे सांडपाणी खाली जाऊ नये यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. परदेशी वेडी बाभूळ उतारांवर पसरली. गेल्या काही वर्षांत तर पाणी वाढत जाऊन काठावरील कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पोहोचल्याच्या बातम्या आल्या. त्या मंदिरासमोर 'सासू-सुनेची विहीर' आहे. तिच्या एका अंगाचे पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचे खारे, असे सांगतात. सरोवर भरले की ती बुडून जाते. गोडे पाणी वाढले यात वाईट काय, असे कोणी विचारील. खारपाणपट्ट्यातील आमच्या त्या मुलीनेही तसे विचारले. पण लोणारचे लोणारपण त्याच्या खारेपणात आहे. पाणी गोड होत गेले की त्या पाण्यातले, फक्त तेथेच सुखाने राहू शकणारे सूक्ष्मजीव संपतील, आणि उरेल ते एक सामान्य तळे.

पवित्र भूमीतील मृत समुद्राची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. यार्देन नदीचे पाणी वरच्यावर वळविले गेल्यामुळे तो समुद्र दरवर्षी सुमारे एक मीटर खाली जात आहे. त्याचे जुने किनारे कोरडे पडून खचत आहेत. तेथे गोडे पाणी येईनासे झाले म्हणून खाऱ्याचा नाश, येथे गोडे पाणी आणि घाण पाणी अतिरेकाने आले तर खाऱ्याचा नाश. दोन्हीकडे काठावरचा माणूस निर्दोष आहे आणि दूरचा माणूस, काठ न पाहताच, त्याचे भवितव्य ठरवीत आहे.

किनाऱ्याले जपा

संध्याकाळी वर आल्यावर आम्ही सर्वांनी कडेवर बसून जवळची भाकरी-चटणी खाल्ली आणि कागदाचा तुकडाही मागे ठेवला नाही. आमच्या जुन्या पापाचे तेवढेच परिमार्जन. सूर्य समोरच्या ओठाआड गेला आणि वाटीतली सावली पाण्यावर चढत गेली. दर्यापूरकडची ती मुलगी म्हणाली, "फादर, आमच्या गावात खारं पाणी म्हणजे शाप. इथं तेच पाणी जपायला कायदा केलाय. मग खरं कोणतं?"

दोन्ही खरे, असे आम्ही म्हटले. खारपाणपट्ट्यातील गावाला गोडे पाणी मिळालेच पाहिजे. तो तेथील माणसाचा हक्क आहे आणि त्यात हयगय होणे हा अन्याय आहे. आणि लोणारचे पाणी खारेच राहिले पाहिजे. तो त्या पाण्याचा धर्म आहे. दहीहंड्याच्या विहिरीवर पाणी आटविणाऱ्यांनी मिठाचे मोल आपल्याला शिकविले. मीठ स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, म्हणून त्याची गोष्ट आपण विसरलो. मीठ बेचव झाले तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्या कानांना अपरिचित नाही; तो माणसांना लागू आहे तसा एखाद्या सरोवरालाही लागू पडेल, असे मात्र आम्हांला पूर्वी कधी वाटले नव्हते.

सिसिलीतील ती माणसे १९८० मध्ये किनाऱ्याने चालत गेली, कारण बोगदा त्यांच्या डोळ्यांदेखत पोखरला जात होता. आपल्याकडचे संकट तसे दिसत नाही. ते गटारातून, विहिरीच्या उपशातून आणि सहलीच्या पिशवीतून येते. म्हणून वऱ्हाडातील प्रत्येक धर्मग्रामकुटुंबास आमची विनंती आहे: मुलांना एकदा तरी लोणारच्या काठाने, जेथवर मुभा आहे तेथवर, पायी घेऊन जा. वाटेत त्यांना दहीहंड्याची आणि भामोदची गोष्ट सांगा. दल्ला आणि पापडी ही विसरलेली नावे त्यांच्या कानांवर घाला. खाली उतरताना हातात काही नेऊ नका, वर येताना खिशात काही आणू नका. आणि घरी परतल्यावर आपल्या स्वतःच्या अंगणातले पाणी कोठे वाहत जाते, ते एकदा त्याच्या मागोमाग जाऊन पाहा.

परतीच्या वाटेवर पातूरचा घाट उतरताना खाली अकोल्याच्या दिशेने दिवे लुकलुकू लागले. त्यांच्या पलीकडे, अंधारात, पूर्णेचे खारे खोरे पसरले होते. "वऱ्हाडात किनारा नाही" असे आता आमच्यापैकी कोणी म्हणणार नाही. तो आहे, आणि तो म्हातारा सांगून गेला त्याप्रमाणे, आता तो जपावयाचा आहे.